ओटीचा गहू

चनबसप्पा बिराजदाराच्या रानाला कंपनीची पाटी लागली आणि माणूस बांधावरून चालताना उगाच खाकरू लागला. हिरवी पाटी, वर इंग्रजीत कंपनीचं नाव, खाली मराठीत ‘सहभागी शेतकरी’ आणि त्याचं स्वतःचं नाव. वळसंगहून अक्कलकोटकडे जाणाऱ्या एसटीतून ती दिसायची. ती कशी दिसते हे बघायला तो दोनदा तिकीट काढून बसला होता, पण ही गोष्ट त्यानं बायकोला, सुंदरम्माला, सांगितली नव्हती.

कंपनी सातासमुद्रापलीकडची. तिचं तेल, तिचा मैदा, तिचं कोंबड्यांचं खाद्य गावात रोज यायचं, पण कंपनी म्हणजे नेमकं कोण हे कुणी बघितलेलं नव्हतं. गावाच्या लेखी कंपनी म्हणजे अजिंक्य साहेब. पंचविशीचा पोरगा, मोटारसायकलवर यायचा, मोबाईलमध्ये मातीचेसुद्धा फोटो काढायचा. कंपनीला गव्हाचे बारा नवे वाण या मातीत पेरून बघायचे होते. बारा लहान पिशव्या, बारा पट्टे. पिकलेला दाणा न् दाणा कंपनी नेणार आणि शेतकऱ्याला हंगामाचा मोबदला देणार. इंग्रजीतल्या सात पानांवर चनबसप्पानं सह्या केल्या तेव्हा अजिंक्यनं एवढंच समजावलं होतं.

“काका, यातला एक दाणाही बाहेर जाता कामा नये. कंपनीची मालकी आहे. गेला तर केस होते.”

“दाण्यापायी?”

“दाण्यापायीच.”

केस हा शब्द चनबसप्पाच्या पोटात जाऊन बसला तो तिथंच राहिला.

खरं तर बियाणं पेरणीच्या दिवशी रानातच द्यायचं असा नियम. पण अजिंक्यला मध्ये दोन दिवस करमाळ्याकडं काम निघालं, म्हणून त्यानं शुक्रवारीच पिशव्या घरी आणून ठेवल्या आणि सोमवारी सकाळी पेरायचं ठरवून तो गेला. आता बिराजदारांच्या घरात बी आलं की ते पेरायच्या आधी देवापुढं बसतं. आजा-पणजापासूनची रीत. चनबसप्पानं बाराही पिशव्यांची शिवण उसवली, प्रत्येकीत चिमूटभर हळदकुंकू टाकलं, दोऱ्यानं तोंडं बांधली आणि त्या देव्हाऱ्यापुढं रांगेत मांडल्या. आतला गहू आधीच गुलाबी-तांबडा होता. पिशवीवर तांबडा चौकोन आणि खाली मुंगीएवढी इंग्रजी अक्षरं होती. चौकोन म्हणजे कंपनीचा शिक्का असणार, असं त्यानं धरलं.

शनिवारी लेक आली. दानेश्वरी. जेऊरला स्टेशनाजवळ किराणा दुकान असलेल्या घरात दिलेली. दोनदा पोट राहिलं आणि दोनदा पडलं. दुसऱ्या वेळी सोलापुरात दवाखान्याच्या जिन्यात तिची सासू शिवबाई चारचौघांत म्हणाली होती, “तुमच्या घरच्या अन्नातच काय तरी खोट हाय.” चनबसप्पा तेव्हा जिन्याचा कठडा धरून उभा राहिला होता. आता तिसऱ्यांदा तिसरा महिना होता. म्हणून सुंदरम्मानं रविवारी उजाडायच्या आत चोरओटी भरली, कुणाला न सांगता, कुणाची दृष्ट लागू न देता. पाच ओंजळी गहू, खोबऱ्याची वाटी, खण. त्याच पहाटे बाप लेकीला जेऊरच्या गाडीत बसवून आला. ओटीच्या गव्हाची हुग्गी करायची, गूळ-तूप घालून, आणि ती ओटीवालीनंच सोमवारी, महादेवाच्या वारी खायची, ही त्यांच्यातली रीत.

सोमवारी सकाळी अंघोळ करून चनबसप्पा पिशव्या उचलायला गेला, तर नऊ नंबरची पिशवी हाताला हलकी लागली.

त्यानं ती दोनदा उचलून बघितली. मग दहावी उचलली, मग पुन्हा नववी. दोरा होता तसाच होता, पण गहू निम्मा होता.

“सुंदरम्मा.”

ती चुलीपुढून आली. त्याचा चेहरा बघून तिनं हातातलं उलथनं खाली ठेवलं.

“हितं कोन आलतं?”

“कोन येनार? दानू आलती. का वो?”

“गहू कमी हाय.”

“उंदरं असतील की.”

“उंदीर दोरा सोडून परत बांदतोय व्हय?”

दोघंही पिशवीकडं बघत राहिली. साहेब दहाला येणार होता, वजनकाटा घेऊन येणार होता. काट्यावर पिशवी चढली की संपलं. पाटी जाईल, ते एक असो, पण पोलीस घरी येतील, सगळं वळसंग बघायला येईल आणि म्हणेल, बिराजदारानं कंपनीचं बी विकलं. त्यानं पिशवी धोतराच्या सोग्यात धरली, जणू कुणी दारात उभंच आहे.

देव्हाऱ्याच्या बाजूला सुपात घरचा गहू होता. सुंदरम्मा त्याच्याकडं बघून पुटपुटली, “ओटीसाटी काढलेला ह्यो गहू हितंच कसा?” पण चनबसप्पाचं लक्ष नव्हतं. त्याला सुपातला गहू दिसला आणि शेजारी कुंकवाचा करंडा दिसला. भ्यालेल्या माणसाची अक्कल फार लांब पळत नाही, जवळच कुठंतरी शेण खाते. त्यानं परातीत गहू ओतला, पाण्याचा हबका मारला आणि करंडा उपडा करून दोन्ही हातांनी गहू चोळायला लागला. रंग बरा बसला. जरा गडद, पण पिशवीच्या सावलीत खपून गेला असता.

तेवढ्यात त्याची आई, चंद्रव्वा, भिंतीला धरत धरत आत आली. ऐंशीच्या घरातली, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. परातीजवळ वाकून तिनं तांबड्या दाण्यांवर बोट फिरवलं.

“तम्मा, आता कुनाची ओटी भरायची?” तिनं लेकाला विचारलं.

“अव्वा, तू बाजूला हो.”

“दानूची तर झाली की. द्येवापुडं कुंकू लावून ठेवलेला गहू होता न्हवं पिशवीत, त्योच दिला मी सुंदराला. परत कशाला रंगवतोस?”

चनबसप्पाचे हात परातीत तसेच थांबले. सुंदरम्मानं आपले तळहात वर करून बघितले. अंधारात, कंदिलाच्या उजेडात सासूनं पुढं केलेल्या टोपलीतून तिनंच पाच ओंजळी मोजून लेकीच्या पदरात टाकल्या होत्या. लाल दिसला तेव्हा तिला वाटलं, म्हातारीनं हौसेनं जास्त कुंकू लावलंय.

आणि चनबसप्पाला काय वाटलं असेल? त्याला बरं वाटलं. खरंच सांगतो, त्याच्या छातीवरचा धोंडा उतरला. चोरी नव्हती. गहू लेकीकडं होता. आज त्याची हुग्गी होणार, ती खाऊन संपणार, मग कुठली केस आणि कुठला दाणा.

“कुनाला बोलू नका,” तो म्हणाला. “दानू खाऊन टाकंल. मिटलं.”

त्यानं रंगवलेला गहू नऊ नंबरच्या पिशवीत भरला आणि दोरा बांधला.

दहाच्या सुमाराला रान वाफशावर, पेरणीजोगं होतं. पेरणीच्या दिवशी घरातल्या थोरल्या बाईनं पहिला नारळ फोडायचा, म्हणून चंद्रव्वालाही बैलगाडीत घालून आणलं होतं. ती लिंबाखाली बसली. अजिंक्यनं मोटारसायकल पाटीजवळ लावली, बॅगेतून काटा काढला आणि त्याबरोबर रबरी हातमोजे काढले. मग तोंडाला फडकं बांधलं.

सुंदरम्मानं मदत म्हणून पहिल्या पिशवीत हात घातला.

“काकू!” पोरगा एवढ्यानं ओरडला की बैलांनी कान हलवले. “हात काढा. उघड्या हातानं नाही. धुवा आधी, साबण लावून.”

“का? काय हाय त्याला?”

“औषध लावलंय ना. रंग कशाचा वाटला तुम्हाला? विष आहे. इथं लिहिलंय की.” त्यानं पिशवीवरच्या तांबड्या चौकोनावर बोट ठेवलं. “कोंबड्या, जनावरं कुणी खाल्लं तरी भारी पडतं. लहान पोरं, गरोदर बायका, यांनी तर शिवायचंसुद्धा नाही.”

चनबसप्पानं पिशवीवरच्या चौकोनाकडं बघितलं.

“शिजवल्यावर?” त्यानं विचारलं.

“शिजवल्यानं जात नाही. का?”

चनबसप्पानं मान फिरवली. अजिंक्यनं एकेक पिशवी काट्यावर ठेवायला सुरुवात केली. आठ झाल्या. नववी त्यानं उघडली, मूठभर दाणे तळहातावर घेतले आणि मोज्याचं बोट फिरवलं. मोजा लालभडक झाला. कंपनीचा रंग असा सुटत नसे.

“काका, हा आपला गहू नाही.”

“न्हाय,” चनबसप्पा म्हणाला. “त्यो मी कुंकू लावून भरलाय. तुमचा गहू लेकीच्या ओटीत गेलाय. ती दोन जिवाची हाय. आज हुग्गी करनार हाय त्याची.”

इतका वेळ ज्या शब्दाला तो भीत होता, तो शब्द आता त्याच्या ध्यानातही आला नाही. अजिंक्यच्या तोंडावरचं फडकं खाली सरकलं. “फोन लावा,” तो म्हणाला. “आत्ता लावा.”

दानूचा फोन वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. जावई मल्लिनाथचा दुकानातला फोन लागेना. सोमवार, जेऊरचा बाजार नसला तरी दुकानात गर्दी असायची. सुंदरम्मा पदराचा बोळा तोंडात धरून उभी होती. तिनं हात दोनदा मातीनं घासले होते, तरी ते अंगापासून लांब धरले होते. गाडीनं जावं तर सोलापूर गाठून पुढं जेऊर, तीन-साडेतीन तास. तोवर हुग्गी काय, भांडीसुद्धा घासून झाली असती.

पाचव्यांदा लावला तेव्हा शिवबाईनं उचलला.

“व्हय, बोला की दादा.”

“अक्का, दानू कुटं हाय?”

“बसलीया की पाटावर. तुमच्या ओटीची हुग्गी केलीया. रातीला गहू भिजवला तर पानी निस्तं लाल. म्हनलं, लई कुंकू लावलंय बगा म्हायेरानं. आता तूप वाडलंय. द्येवाला दावलं की खाईल.”

चनबसप्पानं तोंड उघडलं. विष आहे, एवढंच सांगायचं होतं. पण त्याला जिना दिसला, कठडा दिसला. तुमच्या घरच्या अन्नातच खोट हाय. आणि आता खरोखरच होती. उद्या या पोरीला साधी कळ जरी आली, तरी ते बापाच्या विषाच्या नावावर लिहिलं जाणार होतं. पलीकडं भांड्याचा आवाज आला. देवापुढची घंटी वाजली.

लिंबाखालून चंद्रव्वा म्हणाली, “सांग, म्हातारी मेली.”

त्यानं वळून बघितलं.

“मेलेल्याची खबर आल्यावर ग्वाड कोन खातंय? सांग की लौकर.”

“अक्का,” चनबसप्पा फोनमध्ये म्हणाला, आईच्या डोळ्यांत बघत म्हणाला, “अव्वा गेली.”

पलीकडून शिवबाईचा आवाज, “अगं दानू, ठेव ती वाटी, ठेव खाली.” मग दानूची किंकाळी. तो आवाज फोनमधून सगळ्या रानात ऐकू आला आणि फोन बंद पडला.

चनबसप्पा ढेकळावर बसला. त्याला रडू फुटलं. आई जिवंत समोर बसलेली असताना पोरगं तिच्या नावानं रडत होतं, आणि म्हातारी त्याच्याकडं बघत नुसती मान हलवत होती.

“रडायला काय झालं? खाल्लं न्हाय न्हवं तिनं?”

तेव्हा सुंदरम्मा हळूच म्हणाली, “अवो, पर त्या हुग्गीचं काय? शिवबाई अन्न टाकत न्हाईत कवा. म्हशीला घालतील. न्हायतर शेजारच्या लेकरांस्नी.”

भीती गेली कुठं होती, जरा बाजूला उभी राहिली होती, ती पुन्हा येऊन बसली. चनबसप्पानं फोन उचलला, पण बोटं नंबरावर ठरेनात. शेवटी अजिंक्यनं फोन हातात घेतला.

“काका, आता खरं सांगा. कंपनीचं सांगा, माझं नाव सांगा. शुक्रवारी पिशव्या घरात मी ठेवल्या. लेबल वाचून दाखवायचं काम माझं होतं, ते मी केलं नाही.”

“तुमची नोकरी?”

“मला पण भीती वाटतेय,” पोरगा म्हणाला. “मी लावतो फोन, तुम्ही बोला.”

मल्लिनाथनं उचलला. त्याला घरून निरोप गेला होता, तो दुकानाचं शटर ओढत होता. चनबसप्पानं एका दमात सगळं सांगितलं, कुंकवापासून चौकोनापर्यंत. पलीकडून शटरचा आवाज थांबला.

“मामा, खाल्लं असतं तर?”

चनबसप्पानं फोन दुसऱ्या कानाला लावला.

“मामा, इचारतोय मी. खाल्लं असतं तर?”

“मला कळलं न्हाय रं बाबा. त्यो गहू इखारी हाय ह्ये मला म्हाईतच न्हवतं.”

“बरं,” मल्लिनाथ म्हणाला. “पातेलं मी पुरतो आदी. दानूला सोलापुरात डॉक्टरला दावून घिऊन येतो. कुटं जाऊ नका.”

त्या दिवशी पेरणी झाली नाही. अजिंक्यनं बाराही पिशव्या मोजून पोत्यात घातल्या, पोत्याचं तोंड शिवलं आणि उद्या कंपनीची माणसं येतील, असं सांगून तो गेला. चनबसप्पा पाटीजवळ जाऊन उभा राहिला. मग त्यानं पहार आणली आणि दोन्ही खांब उकरून पाटी बांधावर पालथी घातली. एसटी गेली तेव्हा त्यानं तिच्याकडं बघितलं नाही.

दुपारभर घरात चूल पेटली नाही. शेजारची सोजरबाई मुलाच्या फोनवर जेऊरहून मयतीचा निरोप आला म्हणून पदर डोळ्याला लावून आली आणि चंद्रव्वाला उंबऱ्यात बसलेली बघून आल्या पावली मागं पळाली. एरवी सगळ्यांना हसू आलं असतं.

दिवस कलताना रिक्षा दारात थांबली. दानू उतरली, मागोमाग मल्लिनाथ आणि शिवबाई. दानूचा चेहरा सुजलेला. मल्लिनाथनं गाडीत तिला खरं सांगितलं होतं, पण तिचा विश्वास बसत नव्हता. सकाळी बाप म्हणाला आजी मेली, दुपारी नवरा म्हणाला ओटीत विष होतं. यातलं कुठलं खरं धरायचं? ती सरळ उंबऱ्याशी आली, चंद्रव्वापुढं बसली आणि तिच्या गालावरून, कानावरून, हनुवटीवरून हात फिरवत राहिली.

“हाय की गं,” म्हातारी म्हणाली. “कुटं गेले न्हाय.”

“अज्जी,” एवढंच दानू बोलली.

डॉक्टरनं तपासलं होतं. पोटात काही गेलं नाही म्हणजे घाबरायचं कारण नाही, तो म्हणाला होता. गहू भिजवताना हात लागले असले तरी तेवढ्यानं काही होत नाही, पण लक्ष ठेवा. या ‘पण’वर घरातलं प्रत्येकजण अडकून पडलं होतं.

शिवबाई दारातच उभी होती. तिनं पाणीही घेतलं नव्हतं. चनबसप्पा तिच्यापुढं गेला आणि डोक्याचा पटका काढून हातात धरून त्यानं सगळं पुन्हा सांगितलं. तिला सगळं ठाऊक होतं, तरी त्यानं एकही गोष्ट गाळली नाही. कुंकू चोळल्याचं सांगितलं. फोनवर खोटं का बोललो तेही सांगितलं.

“मला भ्यालात व्हय दादा तुमी?” शिवबाईनं विचारलं.

“व्हय.”

“माज्या भ्यानं इखाचं बोलला न्हाय?”

“व्हय, अक्का.”

तूप शिवबाईनंच वाढलं होतं, वाटी तिनंच पुढं सारली होती. मग ती आत आली आणि भिंतीशी बसली.

“पोरीला रिकाम्या ओटीनं न्यायची न्हाय,” ती म्हणाली. “नातं मोडल्यागत दिसतंय. भरा परत.”

सुंदरम्मा जागची हलली नाही. तिनं आपले हात पाठीमागं नेले. दानूनं पदर मुठीत गच्च आवळून पोटाशी धरला. लेक माहेरच्या ओटीला भ्याली होती, आणि ते सगळ्यांना दिसत होतं.

“तम्मा,” चंद्रव्वा म्हणाली, “कणगीतला गहू आन. आपला.”

चनबसप्पानं सूप भरून आणलं. गहू पिवळट होता, बारीक होता, त्यात दोन-चार खडेही होते. म्हातारीनं सूप मांडीवर घेतलं. पहिली चिमूट उचलली आणि तोंडात टाकली. तिचे चारच दात होते. ती एका बाजूनं चावत राहिली. दाण्याचा करकर आवाज घरात ऐकू येत होता. तिनं गिळलं. मग दुसऱ्या बाजूनं आणखी चिमूट घेतली, मग तळातून घेतली, तीही चावली.

“आता बसायचं जरा,” ती म्हणाली. “मला काय हुतंय का बगायचं.”

सगळे तिच्याकडं बघत बसले. बाहेर बैलांच्या गळ्यातली घुंगरं वाजली, दिवा लावायची वेळ झाली, तरी कुणी उठलं नाही. शिवबाईनं मध्येच हात पुढं करून सुपातले चार दाणे उचलले आणि आपल्या तोंडात टाकले.

बऱ्याच वेळानं चंद्रव्वानं ओंजळ भरली आणि पुढं धरली. बोटांच्या फटींतून दाणे जमिनीवर सांडत होते. दानूनं एकदा आजीच्या तोंडाकडं बघितलं, मग मूठ सोडली आणि पदर पसरला.